परसातून पानात: भादव्यातल्या भाज्या पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

श्रावण सरत आला की परसातलं सगळं एकदम हाताशी येतं. महिनाभर मांडवावर नुसती पानंच पानं दिसत असतात, आणि मग एक दिवस सकाळी परडी घेऊन गेलं की दोन दोडके, हातभर काकडी, मूठभर भेंडी, अळूची पानं, एखादं पडवळ. पावसानं उघडीप दिली आणि भादव्याचं ते चटका देणारं ऊन दोन दिवस पडलं, की परवा बोटाएवढी असलेली भेंडी आज सुरीलाही दाद देत नाही. ज्यांनी यंदा पहिल्यांदाच वेल लावलेत, गच्चीवर कुंड्या केल्यात, किंवा गावच्या घरी येऊन स्वयंपाक हातात घेतलाय, त्यांची खरी अडचण इथे सुरू होते. पिकवणं जमलं. आता याचं करायचं काय?

मी कोकणातल्या परसाबद्दल लिहितेय, कारण मी त्यातच वाढले. नावं गावोगाव बदलतात. दोडक्याला आमच्याकडे शिराळं म्हणतात, मोठ्या काकडीला तवसं. लाल भोपळ्याला कुठे डांगर म्हणतात, कुठे काशीफळ. पण हाताची रीत सगळीकडे एकच.

बाजाराची सवय असलेल्या माणसाला एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते. बाजारात जाताना आपण काय करायचं ते ठरवतो आणि त्याप्रमाणे भाजी आणतो. परसात ते उलटं असतं. फळ वेलीवर किती दिवस होतं, त्यावर त्याचं काय करायचं ते ठरतं. तोच भोपळा कोवळा असताना सालासकट भाजीत जातो, आणि पुरता पिकला की त्याचे घारगे, म्हणजे गोड पुऱ्या, होतात. तीच काकडी आठ दिवसांत कोशिंबिरीतून उठून गुळाबरोबर पातेल्यात जाते. कोवळं कोणतं, जून कोणतं, हे बोटांना कळायला लागलं की पाककृती आपोआप सुचतात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पहिली पायरी: तोडताना हात लावून बघा

सकाळी तोडा. रात्रभराच्या गारव्यानं भाजी भरलेली असते, दुपारी तीच मलूल होते. भेंडी आणि शेंगा मात्र पानांवरचं पाणी सुकल्यावर तोडा, ओल्या तोडल्या की टोपलीतच काळ्या पडू लागतात.

दोडक्याच्या शिरेवर अंगठ्याचं नख दाबा. शीर सहज दबली तर दोडका कोवळा. नख सरकलं आणि आतून जाळीसारखं करकरीत काही लागलं, तर तो भाजीला गेला, त्याला बियाण्यासाठी सोडून द्या. भेंडीचा शेंडा वाकवा, कट् आवाज करून तुटला तर घ्या, नुसता वाकला तर ती जून. फूल गळाल्यापासून चार-पाच दिवसांत भेंडी काढायची असते, आणि पावसाळ्यात ही गणना चुकवून चालत नाही. दोन दिवस परगावी जाऊन आलात तर आल्या आल्या आधी भेंडीकडे जा. जून भेंड्या झाडावर राहिल्या की झाड नवी फुलं धरायचं कमी करतं, म्हणून खायच्या नसल्या तरी त्या काढून टाका.

पडवळ मांडवावरून लोंबतं. ते सरळ वाढावं म्हणून टोकाला दोऱ्यानं छोटा दगड बांधतात, हे तुम्ही पाहिलं असेल. ते हातात घेऊन किंचित दाबा. कोवळं पडवळ लवचिक आणि भरीव लागतं, जून झालेलं पोकळ आणि हलकं. भोपळ्याचं याच्या उलट आहे. तो पिकलाय हे कळतं वाळलेल्या देठावरून आणि नख न रुतणाऱ्या सालीवरून. तोडताना देठ दोन-तीन इंच ठेवूनच कापा. देठ मुळाशी तुटला तर तिथूनच भोपळा सडायला लागतो. देठासकट ठेवलेला पिका भोपळा माळ्यावर, कोरड्या जागी, दोन-तीन महिने सहज राहतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुधी, दोडका, पडवळ, काकडी, भोपळा यातलं काहीही शिजवण्याआधी त्याचा एक लहानसा तुकडा जिभेवर ठेवा. कडू लागला तर थुंका, चूळ भरा आणि ते फळ टाकून द्या. काकडीचं नुसतं देठाकडचं टोक कडवट असतं, तेवढं कापून पुन्हा चव बघता येते. पण दुधी किंवा दोडका गरातच कडू लागला तर गूळ घालून, उकळून, पाणी ओतून तो वाचवायचा प्रयत्न करू नका. हा कडूपणा या कुळातल्या फळांत तयार होणाऱ्या विषारी द्रव्यांचा असतो आणि शिजवल्यानं तो जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दवाखान्यात गेली आहेत, दगावलीही आहेत. उकिरड्याच्या कडेला आपोआप उगवलेल्या वेलाच्या फळाबाबत तर चव बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका. कारलं अर्थातच यात धरायचं नाही, त्याचा कडूपणा वेगळा.

दुसरी पायरी: धुणं आणि निवडणं

पावसाळ्यातल्या पालेभाजीला माती फार. लाल माठ, अळू, अंबाडी, भोपळ्याची पानं, या सगळ्यांना पावसाच्या थेंबांनी उडवलेली माती पानांच्या मागून चिकटलेली असते. नळाखाली धरून ती जात नाही. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, पाला त्यात बुडवा, हातानं हलवा आणि पाच मिनिटं तसाच ठेवा. मग पाला वर उचलून रोवळीत काढा. पातेलं रोवळीवर ओतू नका, नाहीतर तळाला बसलेली माती पुन्हा त्याच पाल्यावर जाते. असं तीनदा करा. तिसऱ्या पाण्याच्या तळाशी बोट फिरवा, खरखर लागली नाही तर झालं. अळ्या असतील अशी शंका वाटली तर एका पाण्यात मूठभर मीठ घाला.

भेंडी धुऊन पुरती कोरडी झाल्याशिवाय चिरू नका. फडक्यावर पसरा, पंख्याखाली ठेवा, अर्धा तास जाऊ द्या. तिच्यातला चिकट रस पाण्यानं आणखी सुटतो, आणि ओली चिरलेली भेंडी कढईत तारा काढत बसते.

पडवळावर पांढुरकी लव असते. सुरीच्या पाठीनं ती खरवडा, साल काढायची गरज नाही. दोडक्याच्या फक्त शिरा काढा, मधली साल राहू द्या. आणि शिरा टाकू नका, त्यांची चटणी होते: बारीक चिरून चमचाभर तेलात कुरकुरीत होईपर्यंत परता, त्यात तीळ, किसलेलं सुकं खोबरं, हिरवी मिरची आणि मीठ घालून पुन्हा परता. पातेल्यातली भाजी होईपर्यंत ही चटणी तयार असते.

तिसरी पायरी: पाणी न घालता शिजवायला शिका

नव्या माणसाच्या हातून भाजी बिघडते ती बहुतेक वेळा पाण्यानं. ताज्या दोडक्यात, दुधीत, पडवळात इतकं पाणी असतं की वरून घालायची गरजच नसते. तरी आपल्याला भीती वाटते, खाली लागेल म्हणून. त्यासाठी जुन्या बायकांची युक्ती आहे: कढईवर खोलगट ताटली झाकायची आणि त्या ताटलीत पाणी ओतायचं. ताटली थंड राहते, आतली वाफ तिला लागून पाणी होते आणि थेंब थेंब परत भाजीवर पडते. भाजी आपल्याच पाण्यात शिजते. मध्येच खरंच पाणी लागलं, तर ताटलीतलं गरम झालेलं पाणी घालायचं. गार पाणी घातलं की शिजणं थांबतं.

साधा दोडका करून बघा. अर्धा किलो कोवळा दोडका, दोन चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद, दोन हिरव्या मिरच्या, तासभर भिजवलेली दोन मोठे चमचे मुगाची डाळ. फोडणीत डाळ परतून दोडक्याच्या फोडी घाला, ताटलीत पाणी ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. मीठ अजून घालायचं नाही. कढईभर दिसणारी भाजी झाकण काढल्यावर वाटीभर झालेली असते, आणि सुरुवातीच्या ढिगाकडे बघून मीठ घातलं असतं तर ती खारट झाली असती. आकसल्यावर मीठ, चिमूटभर गूळ, मूठभर ओला नारळ. यात मसाला घालू नका. तासाभरापूर्वी वेलीवर असलेल्या दोडक्याला स्वतःची एक गोडसर चव असते, ती गोडा मसाला किंवा लसूण घातला की हरवते. शिळ्या भाजीला मसाला लागतो.

पडवळ असंच, मुगाच्या डाळीऐवजी डाळिंब्या, म्हणजे मोड आलेले सोललेले वाल, घालून. डाळिंब्या आधी थोड्या शिजवून घ्या, पडवळ लवकर शिजतं.

भेंडीला मात्र झाकण ठेवायचंच नाही. रुंद कढई, तेल थोडं सढळ, फोडी एका थरात, आच मध्यम, आणि सारखं ढवळायचं नाही. तारा दिसायला लागल्या की दोन आमसुलं टाका. आंबटानं चिकटपणा मोडतो. मीठ शेवटी.

आंबट कधी घालायचं, हेही इथेच सांगून ठेवते. चिंच, आमसूल, अंबाडी काहीही असो, ते भाजी मऊ झाल्यावर घाला. आंबट आधी पडलं की भाजी आखडते, तास शिजवली तरी तिचा टणकपणा जात नाही. भोपळा, सुरण, चवळीच्या शेंगा यांच्या बाबतीत हे अगदी स्पष्ट दिसतं.

चौथी पायरी: अळू, घाई न करता

अळूला लोक घाबरतात, आणि थोडं घाबरावंच. त्याच्या पानात आणि देठात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. माझं लग्न झालं त्या वर्षी मी फदफदं, म्हणजे अळूची पातळ भाजी, केलं, सगळं छान जमलं, पण पाहुणे दारात आले म्हणून अळू दहा मिनिटांतच उतरवलं आणि चिंच घालायची राहिली. सासरे काही बोलले नाहीत, पण दोन घासांनंतर पाण्याचा तांब्या हातातून खाली ठेवेनात. त्या दिवसापासून अळू शिजायला ठेवलं की मी दुसरं काही काम हातात घेत नाही.

दोन जाती ओळखा. भाजीचं अळू फिकट हिरवं, मऊ पानाचं. वडीचं अळू जाड पानाचं, काळपट जांभळ्या देठाचं. ओढ्याकाठचं किंवा गडग्याशी, म्हणजे दगडी कुंपणाशी, आपोआप आलेलं रानअळू नवख्यानं तोडू नये. ज्यांच्या परसात अळूचं बन आहे त्यांच्याकडून एक गड्डा मागून आणा आणि न्हाणीच्या पाण्यावर लावा, पुढच्या वर्षी तुम्हीच वाटाल.

फदफद्यासाठी चार माणसांना दहा-बारा पानं देठांसकट. चिरण्याआधी हाताला तेल किंवा चिंचेचं पाणी चोळा. देठांची साल वरून धरून ओढली की दोऱ्यासारखी निघते. पानं आणि देठ बारीक चिरा, जमली तर आंबट चुक्याची छोटी जुडी त्यातच चिरा. दोन मोठे चमचे चण्याची डाळ आणि तेवढेच शेंगदाणे तीन-चार तास भिजवलेले हवेत, ते वेगळ्या भांड्यात ठेवून अळूबरोबरच कुकरमध्ये चार शिट्ट्या करा, मग आच बारीक करून आणखी पाच मिनिटं.

वाफ गेली की नुसतं अळू डावानं घोटा. नीट घोटलं गेलं की ते एकसंध, चकचकीत दिसतं, पान वेगळं दिसत नाही. त्यात दोन चमचे बेसन लावा, गुठळी राहू देऊ नका. आता पातेल्यात फोडणी: तेल, मोहरी, पाव चमचा मेथीदाणे, हिंग, हळद, दोन-तीन हिरव्या मिरच्या. मेथी तांबूस होताच अळू ओता, डाळ-दाणे घाला, वाटी-दीड वाटी पाणी. उकळी आली की लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, त्याहून थोडा जास्त गूळ, मीठ आणि ओल्या खोबऱ्याचे पातळ काप. दहा मिनिटं उकळू द्या. शेवटी चमचाभर घेऊन स्वतः खा आणि दोन मिनिटं थांबा. घशाला काहीही जाणवलं तर आणखी चिंच आणि आणखी दहा मिनिटं. मगच पानात वाढा.

पाचवी पायरी: ऋषीची भाजी

भादव्यात परस किती देतं, ते एका पातेल्यात बघायचं असेल तर ही भाजी करा. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषिपंचमी येते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, असा नियम. नांगरलेल्या शेतातलं धान्य नको, माणसानं स्वतःच्या हातानं खणून, पेरून, शिंपून वाढवलेलं तेवढंच चालतं. काही घरांत त्या दिवशी भाताऐवजी वरी शिजते. उपास करा न करा, ही भाजी शिकायला हवी, कारण तिच्यात वरच्या सगळ्या पायऱ्या एकत्र येतात.

भाज्यांची ठरीव यादी नाही. जे परसात आहे ते. आमच्याकडे साधारण असं असतं: अळूची चार पानं देठांसकट, लाल माठाचे जाड देठ, लाल भोपळा, दोडका, पडवळ, दहा-बारा भेंड्या, चवळीच्या शेंगा, सुरणाचा तुकडा, एक कोवळं मक्याचं कणीस, मूठभर ओले शेंगदाणे असले तर. सगळं मिळून किलोभर, म्हणजे चार-पाच माणसांना पोटभर.

माठाच्या देठांकडे विशेष लक्ष द्या. पानं काढल्यावर उरणारे बोटाएवढे जाड देठ लोक फेकून देतात. सुरीनं त्यांची साल वरून खाली सोला, आत पांढुरका-गुलाबी गर असतो. बोटभर लांबीचे तुकडे करा. शिजल्यावर हे तुकडे शेवग्याच्या शेंगेसारखे चोखून खायचे, आणि या भाजीतली खरी गोडी तिथे आहे.

सुरण चिरताना हाताला तेल लावा, फोडी चिंचेच्या पाण्यातून धुऊन घ्या. मका दोन बोटं जाडीचे तुकडे करून. बाकी फोडी मोठ्या ठेवा. बारीक चिरलेल्या भाज्यांचा या पातेल्यात लगदा होतो आणि मग कोण भोपळा, कोण दोडका कळत नाही.

आता रचना. जाड बुडाचं पातेलं घ्या. तळाला चिरलेलं अळू, त्यावर सुरण, मका, शेंगदाणे, माठाचे देठ. फक्त अर्धी वाटी पाणी, ताटलीत पाणी ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटं. मग झाकण काढून चवळीच्या शेंगा, भोपळा आणि पडवळ. आणखी आठ-दहा मिनिटं. शेवटी दोडका आणि भेंडी, पाच-सात मिनिटं. ज्याला जास्त वेळ लागतो ते आधी आणि खाली, ज्याला कमी ते शेवटी आणि वर, एवढाच याचा हिशेब. डावानं ढवळू नका. पातेलं दोन्ही कडांना फडक्यानं धरून वर उचला आणि एक हिसका द्या, खालचं वर येतं आणि फोड मोडत नाही.

सुरणात सुरी अलगद शिरली आणि अळू विरघळून सगळ्या फोडींना चिकटलं, की मगच चिंचेचा कोळ घाला, दोन-तीन चमचे. तीन-चार हिरव्या मिरच्या मिठाबरोबर ठेचून, आणि वाटीभर ओला नारळ. पाच मिनिटं वाफ. फोडणी नाही, हळद नाही, हिंग नाही, गूळही नाही. उतरवल्यावर वर लोण्याचा गोळा ठेवतात. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं, मसाला नाही म्हणजे सपक लागणार. झाकण काढल्यावर जो वास येतो, माठाच्या देठांचा, मक्याचा, ओल्या नारळाचा, तो घ्या आणि मग ठरवा.

काकडी: आधी कोवळी, मग तवसं

कोवळ्या काकडीला किसू नका, चोचवा. डाव्या हातात काकडी उभी धरायची, उजव्या हातातल्या सुरीनं तिच्यावर भराभर उभे घाव घालायचे, हात थोडा फिरवत राहायचं, आणि मग आडवी सुरी चालवून तो चुरा ताटात पाडायचा. किसलेल्या काकडीचं पाणी होतं, चोचवलेली दाताखाली करकरते. सुरुवातीला सावकाश करा, बोटं सांभाळा. जमेपर्यंत पाटावर बारीक चिरली तरी चालेल.

ज्यांच्या घरी चातुर्मास पाळतात, त्यांना भाद्रपदात दही वर्ज्य असतं, म्हणजे ऐन काकडीच्या दिवसांत दह्यातली कोशिंबीर बंद. त्यासाठीच जणू खमंग काकडी आहे: चोचवलेल्या काकडीत दाण्याचं कूट, ओला नारळ, लिंबू, किंचित साखर, वर तुपाची जिरं-मिरचीची फोडणी. मीठ पानं वाढायला घेतल्यावरच घाला, नाहीतर पाच मिनिटांत तळाला पाणी.

आणि मग पानाआड एक काकडी राहून जातेच. दिसते तेव्हा ती हातभर लांब, पिवळसर, साल जाड झालेली. हे तवसं. गोव्यात गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायची चौकट असते, त्या माटोळीला बांधतात ते. याचं धोंडस करा, म्हणजे गुळातल्या भाजलेल्या वड्या.

तवसं सोला, उभं चिरून आतला बियांचा गाभा काढा, गर किसा. पाण्यासकट दोन वाट्या कीस हवा, पाणी पिळू नका. एक वाटी तांदळाचा रवा कोरडाच मंद आचेवर भाजा, रंग बदलायला नको, पण हाताला हलका लागला पाहिजे. कढईत कीस, पाऊण वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी ओला नारळ आणि चिमूटभर मीठ. गूळ विरघळून उकळी आली की रवा एका हातानं पेरत, दुसऱ्या हातानं ढवळत घाला. झाकून पाच-सात मिनिटं वाफ, रवा फुगून मिश्रण कढईपासून सुटायला लागेल. वेलची, चमचाभर तूप.

पूर्वी हे पातेल्यात थापून खाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवून भाजत. गॅसवर करताना जाड पातेल्याला तूप लावा, मिश्रण दोन बोटं जाडीचं थापा, पातेल्याखाली जुना तवा ठेवा आणि घट्ट झाकून अगदी बारीक आचेवर अर्धा-पाऊण तास. कडा तांबूस होऊन पातेलं सोडायला लागल्या, खरपूस गुळाचा वास आला, की बंद करा. गरम असताना कापू नका, भुगा होतो. पूर्ण निवल्यावर वड्या पाडा.

भोपळ्याचं थोडं

सकाळी वेलीवर पिवळी फुलं उमलतात. ज्या फुलाच्या मागे बारीक गोळा असतो ती मादी, तिला हात लावू नका, तोच उद्याचा भोपळा. लांब बारीक देठावर नुसतं उभं असलेलं फूल नर. नरफुलं तोडा, पण दोन-चार वेलीवर राहू द्या, फळ धरायला ती लागतात. आतला केसर काढून, उघडून बघून, आत मुंगी नाही ना याची खात्री करून, बेसनात बुडवून भजी तळा.

घारग्यांसाठी पिका भोपळा. दोन वाट्या किसात वाटीभर गूळ घालून गूळ विरघळेपर्यंत शिजवा, मीठ, वेलची, चमचाभर तूप. गार झाल्यावर त्यात मावेल तेवढी कणीक आणि दोन चमचे तांदळाची पिठी. पाण्याचा थेंबही नको, भोपळ्याचं पाणी पुरतं. गोळा घट्ट असू दे, अर्धा तास झाकून ठेवा, नंतर तो आपोआप सैल होतो. पुरीपेक्षा जाड थापा, मध्यम आचेवर तळा. आच मोठी असली तर गुळानं बाहेरून लगेच काळे होतात आणि आत कच्चे राहतात. डब्यात चार दिवस टिकतात.

दोडक्याच्या वेलीवर एक चांगला, मोठा, सरळ दोडका मात्र हात न लावता ठेवा. त्याला चिंधी बांधून खूण करा, म्हणजे घरातलं कुणी चुकून तोडणार नाही. दिवाळीच्या सुमाराला तो वाळून तपकिरी होतो, हलवला की आत बिया खुळखुळतात. टोक मोडून काळ्या बिया काढा, राखेत घोळवून कोरड्या डब्यात भरा. उरलेली जाळी अंग घासायला चांगली.